पाठीवरचा डबा, तळातलं अंडं

आमच्या गावात पोहायला शिकायचं म्हणजे मे महिना, विहीर आणि पाठीवरचा डबा. डालड्याचा रिकामा डबा, झाकणाला डाख देऊन हवाबंद केलेला. आजोबांच्या वेळी त्याच्या जागी पांगाऱ्याचा हलका ओंडका किंवा वाळलेला भोपळा असे. भोपळे एकमेकांना बांधून नदी ओलांडत, त्याला सांगड म्हणत. कशाची तरी सांगड घालायची म्हटलं की मला अजून ते भोपळेच दिसतात.

थोरल्या भावाला काकांनी असाच शिकवला. चार दिवस डबा बांधला, पाचव्या दिवशी गाठ सोडली. भावानं दोन गटांगळ्या खाल्ल्या, रडला, आणि आठवड्याभरात थारोळ्यावरून मुटके मारायला लागला. मी काठावर त्याचे कपडे धरून उभी. मुलींच्या पाठीला डबा कुणी बांधत नसे. आमचं पाणी घागरीपुरतं आणि धुण्यापुरतं. विहिरीतल्या पोहण्याचं कौतुक ऐकते तेव्हा मला हे सांगावंसं वाटतंच.

चौपन्नाव्या वर्षी मी शहरातल्या तलावावर नाव घातलं. आता कसलं जमतंय, ही धास्ती होतीच. त्याच दिवसांत बेंजामिन फ्रँकलिनचं एक पत्र वाचनात आलं आणि मला माझा सोबती सापडला. त्याचं नाव ऑलिव्हर नीव्ह. नव्या कामासाठी त्याला सारखं पाण्यावरून जावं लागणार होतं, पाण्याची भीती जबर होती, आणि शिकण्याचं वय उलटून गेलं असं त्याला वाटत होतं. फ्रँकलिननं ते मुळीच मान्य केलं नाही. तुझ्या बागेखालीच नदी आहे, तिथं शिक, असं त्यानं लिहिलं.

विजेचा शोध घेणारा हा माणूस पोहण्यातही तरबेज होता. 1726 मध्ये, विशीचा असताना, तो लंडनच्या टेम्समधून चेल्सीपासून ब्लॅकफ्रायर्सपर्यंत पोहत गेला होता. दोन मित्रांना त्यानं दोनदा नदीवर नेऊन पोहायला शिकवलं, आणि पोहण्याची शाळा काढावी असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

नीव्हला त्यानं हातपाय मारायला सांगितलं नाही. हळूहळू खोल होत जाणारी जागा निवड, छातीभर पाण्यात जा, मग काठाकडे तोंड करून तुझ्या आणि काठाच्या मधे एक अंडं टाक. ते तळाशी जाईल, स्वच्छ पाण्यात दिसेल. डोळे उघडे ठेवून बुडी मार आणि ते उचलून आण. काठाच्या बाजूला पाणी उथळच होत जातं, म्हणून जिवाला धोका नाही. अंड्यापर्यंत पोचायला मात्र झगडावं लागतं, कारण पाणी माणसाला वर लोटतं. पोहणाऱ्याला हेच आधी कळायला हवं, असं त्याचं म्हणणं. बुचाच्या किंवा फुग्यांच्या आधारानं हातपाय मारायची रीत शिकता येईल, पण पाणी आपल्याला तोलून धरतं हा भरवसा बसल्याशिवाय पोहणं येणार नाही.

आमच्या डब्याचा कच्चा दुवा मला इथं सापडला. डबा भरवसा देई, पण तो डब्यावरचा. म्हणून पाचवा दिवस इतका भयंकर. आठ वर्षांचं पोर रडून मोकळं होतं, त्याच दिवशी पुन्हा उडी मारतं. चौपन्नाव्या वर्षी तशी एक गटांगळी बसली असती, तर मी परत गेले नसते.

आमच्या बाईंनी पहिला आठवडा एकही हात मारू दिला नाही. कठड्याला धरून पाण्यात तोंड घालायचं, बुडबुडे सोडत श्वास संपवायचा, पुन्हा वर. दहा वेळा, मग थोडं थांबून आणखी दहा. नंतर गुडघे पोटाशी घेऊन नुसतं तरंगायचं. आठव्या दिवशी त्यांनी छातीभर पाण्यात एक लाल रबरी कडं टाकलं आणि म्हणाल्या, "ताई, आणा बरं ते वर."

मी बुडी मारली. डोळ्यांसमोर लाल कडं हलत होतं. दोनदा हात टाकला, दोन्ही वेळा ते बोटभर लांबच राहिलं. पाणी मला खाली जाऊच देईना.