तुकोबांची फ्रेंच वाट

आषाढांत सोलापूर जिल्ह्यांतील वाखरीस संतांच्या पालख्या एकत्र येतात आणि पुढें पंढरीस निघतात. या वारकरी परंपरेचा व्यासंग गी देल्यूरी या फ्रेंच जेझुइट पंडितानें केला. विठोबाच्या उपासनेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें १९६० सालीं छापला; तत्पूर्वीं, १९५६ सालीं, त्यांनीं फ्रेंचमध्यें उतरविलेले तुकोबांचे अभंग पॅरिसच्या गालिमार संस्थेनें प्रसिद्ध केले होते. ‘यात्रेकरूचीं स्तोत्रें’ असा त्या ग्रंथाच्या नांवाचा अर्थ होतो. बायबलांतील स्तोत्रांचाच शब्द योजिल्यानें परका कवि फ्रेंच वाचकांस ओळखीचा झाला. परंतु त्या शब्दांत टाळमृदंगाचा गजर ऐकूं येत नाहीं. ती उणीव ‘यात्रेकरू’ हा शब्द थोडीफार भरून काढतो: अभंग हें चालत्या समुदायाचें गाणें आहे, ही खूण त्यानें राखिली आहे.