शंभर वर्षे थांबलेला शोध

स्वयंपाकघरातला लायटर दाबला की ‘टक्’ होते आणि ठिणगी उडते. आत बॅटरी नसते. दाबविद्युत पदार्थाच्या तुकड्यावर छोटी हातोडी आपटते आणि क्षणभर हजारो व्होल्ट निर्माण होतात. याच गुणधर्माने थरथरणारी पट्टी शांत करता येते, हे वाचले तेव्हा मी चकित झालो. मग प्रश्न पडला: शोध १८८० सालचा, तर या उपयोगाला शंभर वर्षे का लागली?

पॅरिसमध्ये झाक आणि पिएर क्यूरी या तरुण भावांनी क्वार्ट्झ, टूर्मलीन, अगदी उसाच्या साखरेचेही स्फटिक दाबून पाहिले. पृष्ठभागावर विद्युतभार उमटला. पुढच्याच वर्षी गाब्रिएल लिपमान यांनी ऊष्मागतिकीच्या आधारे उलट परिणामाचे भाकीत केले: विद्युतदाब दिल्यास स्फटिकाचा आकार बदलेल. क्यूरी बंधूंनी १८८१ मध्येच ते खरे करून दाखवले. म्हणजे कंप ओळखणारा आणि त्याला विरोध करणारा पदार्थ तेव्हाच हाती होता. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी पाणबुड्या शोधायला क्वार्ट्झ वापरला, पण तो ध्वनिकंप निर्माण करण्यासाठी.

आधी मला वाटले, चांगला पदार्थ नव्हता. ते अर्धेच खरे. जड यंत्रांचे कंप वजनाने, रबराने आवरता येत. अंतराळयानांचे हलके, लांब भाग थरथरू लागले की त्यांना शांत करायला हवाही नसते. गरज तिथे जन्मली.

शिवाय हिशेब हवा होता. झोपाळा अडवताना हाताची वेळ चुकली, तर तो अधिकच उंच जातो. उरलेला कंप आणि खर्च होणारी वीज, दोन्ही तोलून नेमका विद्युतदाब ठरवणे म्हणजे इष्टतम नियंत्रण. पोन्त्र्यागिन आणि काल्मान यांनी १९६० च्या आसपास त्याचा गणिती पाया घातला. पट्टी एकाच वेळी अनेक तऱ्हांनी थरथरते. एक तऱ्हा आवरताना दुसरी चेतू शकते, हा धोका १९७८ साली मार्क बालस यांनी दाखवला.

१९८५ मध्ये एमआयटीच्या बेली आणि हबर्ड यांनी एका टोकाला जखडलेल्या पट्टीवर दाबविद्युत प्लास्टिकची पातळ फिल्म चिकटवून तिचे कंप झपाट्याने शमवल्याचे प्रसिद्ध केले.

आपण शोधाचे वर्ष पाठ करतो. तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे उमगल्याचे वर्ष मात्र कुठल्याच पाठ्यपुस्तकात मला ठळक अक्षरांत दिसले नाही. लायटर दाबताना आता मला तेच आठवते.