जाळापासून इंडक्शनपर्यंत : भीमाकाठच्या चुलीचा इतिहास

शिरूर तालुक्यातील वडगाव रासाई हे भीमेकाठचे, ऊस-बागायतीचे गाव. नदीपलीकडे दौंड तालुका. या पट्ट्यातील स्वयंपाकघरांत गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत चुलीच्या जोडीला स्टोव्ह, गोबरगॅस, सिलिंडर आणि अलीकडे इंडक्शनची शेगडी आली. प्रत्येक साधनाबरोबर रांधण्याची रीत बदलली आणि ते साधन हाताळताना घ्यायची काळजीही बदलली. इंडक्शन येईपर्यंत ही काळजी डोळ्यांनी, नाकाने आणि कानांनी घेता येत असे. जाळ दिसे, धुराचा किंवा गॅसचा वास येई, स्टोव्हचा आवाज बदलला की कळे. इंडक्शनमध्ये ज्योत नाही, धूर नाही, वास नाही. त्याचा मोठा धोका भिंतीतल्या तारेत आणि बोर्डात दडलेला असतो, आणि चुलीपाशी आयुष्य गेलेल्या बाईचा अनुभवही तिथे अपुरा पडतो.

या प्रदेशातील चुलीचा पुरावा फार मागे जातो. शिरूर तालुक्यातच घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून सुमारे दीड दशक उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांच्या या कामातून इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. घरांतून चुली होत्या, अंगणात जाळाचे खड्डे होते आणि कुंभाराची भट्टीही सापडली. जव हे त्या लोकांचे मुख्य धान्य होते. आरंभीची घरे चौकोनी आणि ऐसपैस होती. पुढे पाऊसमान बिघडल्यावर लोक लहान गोल झोपड्यांत राहू लागले. घराचा आकार असा पालटला, तरी विस्तवाला ठरलेली जागा करून द्यायची रीत मोडली नाही.

अलीकडच्या काळातील चूल बायका स्वतः घालत. माती, शेण आणि भुसा एकत्र मळून तिचा गाडा उभा करीत आणि तिच्या बाजूला वैल काढीत, म्हणजे मुख्य जाळावर भाकरी होताना वैलावर कालवण शिजत राही. चूल रोज सारवली जाई. सरपणाला बाभूळ, तुरकाठ्या, शेणाच्या गोवऱ्या आणि पुढे नदीकाठी माजलेली वेडी बाभूळ. उसाचे क्षेत्र वाढले तसे पाचटही चुलीत जाऊ लागले. पण पाचट भडकन पेटते आणि लगेच विझते, त्यामुळे त्याच्यापाशी सतत बसून राहावे लागते. बाभळीचे लाकूड सावकाश जळते आणि त्याचा निखारा टिकतो. कोणत्या पदार्थाला कोणते सरपण, हे ज्ञान घरातल्या मुलीला पाहून पाहूनच येई.

चुलीची सुरक्षिततासुद्धा अशीच अंगवळणी पडलेली होती. चुलीपुढे बसताना पदर खोचून घ्यायचा. रांधून झाले की अर्धवट जळालेले लाकूड ओढून त्यावर पाणी मारायचे. रात्री निखारे राखेखाली झाकायचे, म्हणजे घरही सुरक्षित आणि सकाळी काडीही वाचे. काड्यापेटी महाग होती तेव्हा शेजारणीकडून खापरावर विस्तव मागून आणला जाई. कुडाच्या आणि पाचटाच्या घरांत एक ठिणगी पुरे होती, म्हणून वाऱ्याच्या दिवसांत चूल लवकर विझवीत. घराची मोजदादही चुलीवरूनच होई. गावजेवणाला चूलबंद आवतण दिले की त्या घरी त्या वेळी कोणीच रांधत नसे. मयत झालेल्या घरात चूल पेटत नसे आणि भावकी जेवण पुरवी. नागपंचमीला अनेक घरांत आजही तवा ठेवत नाहीत. उकडलेली दिंडे करतात.

या चुलीचे गुणगान करताना धुराचा विसर पडू नये. भाजण्याची भीती सर्वांना होती. डोळ्यांत आणि फुप्फुसांत वर्षानुवर्षे जाणाऱ्या धुराची भीती मात्र कोणाला नव्हती, कारण त्याचा परिणाम एका दिवसात दिसत नाही. खोकणारी म्हातारी आणि तिचे पाणावलेले डोळे हे वयाचे लक्षण समजले जाई. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि धुराडे असलेल्या निर्धूर चुली गावोगाव बसल्या. धुराडे काजळीने तुंबे, ते साफ करायला छपरावर चढावे लागे, आणि पुष्कळ घरांत ही चूल पडून राहिली.

घराबाहेरही जाळाचा मोठा व्यवहार होता. दौंड तालुक्यातील गुऱ्हाळांत उसाचा रस काढून उरलेले चिपाडच वाळवून चुलाणात सारतात आणि त्या आचेवर काहिलीतला रस आटतो. गुळव्या रसाचा रंग आणि फेस पाहून आच कमी-जास्त करायला सांगतो. न्हावऱ्याचा घोडगंगा आणि पाटसचा भीमा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिल्यावर या भागात दर हंगामात ऊसतोड कामगारांची कुटुंबे येऊ लागली. त्यांच्या कोपीपुढे तीन दगडांची चूल मांडलेली असते. इनामगावच्या काळाशी सर्वांत जवळचे नाते सांगणारी चूल आजही तीच.

रॉकेल आधी दिव्यासाठी आले. स्वीडनच्या फ्रान्स लिंडक्विस्ट याने १८९२ च्या सुमारास हवा भरून पेटवायचा, काजळी न धरणारा स्टोव्ह तयार केला आणि तो प्रायमस या नावाने जगभर गेला. शिरूर-दौंडच्या खेड्यांत स्टोव्ह प्रथम नोकरदारांच्या खोल्यांतून आणि चहाच्या टपऱ्यांवर दिसला. शेतकऱ्याच्या घरात तो पाहुण्यांच्या चहापुरता असे. त्याने नवी शिस्त शिकवली. बर्नर आधी तापवायचा, मग बेताने पंप मारायचा, भोक तुंबले तर पिन मारायची, आणि पेटत्या स्टोव्हमध्ये कधीही रॉकेल ओतायचे नाही. हवा जास्त भरली किंवा टाकीचा सांधा ढिला असला तर भडका उडे. ‘स्टोव्हचा भडका’ हे शब्द वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे येत राहिले. त्यांतल्या सर्वच घटना अपघाताच्या नव्हत्या. हुंड्यापायी जाळलेल्या सुनांचे मरणही त्याच शब्दांखाली झाकले गेले. स्टोव्हचा इतिहास लिहिताना हे सांगितलेच पाहिजे. १९८३ आणि १९८६ मध्ये फौजदारी कायद्यात झालेल्या दुरुस्त्यांमागे अशा मृत्यूंबद्दलचा देशभरचा संताप होता.

गोबरगॅसची कल्पना महाराष्ट्राला जुनी आहे. माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ मध्ये मैल्यापासून वायू तयार केला गेला. खेड्यांत ती पोहोचली खादी ग्रामोद्योग आयोगाच्या आणि १९८० च्या दशकातील राष्ट्रीय बायोगॅस योजनेच्या मार्गाने. दावणीला चार-पाच जनावरे असणाऱ्या घराला हा गॅस सोयीचा होता. जनावरे विकली की टाकी कोरडी पडे. उसाच्या पाचटाचा प्रश्न पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने हाताळला. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने तिने पाचटापासून कोळसा आणि त्याच्या कांड्या करण्याची पद्धत बसवली. या कामाला २००२ मध्ये अॅशडेन पुरस्कार मिळाला. फडात जाळून टाकल्या जाणाऱ्या पाचटातून धूर न करणारे सरपण निघू शकते, हे त्यातून दिसले. ऊसपट्ट्यात ते घरोघरी पोहोचायला हवे होते.

सिलिंडरचा गॅस मुंबईत १९५५ मध्ये बर्मा शेलने आणला. खेड्यापर्यंत यायला त्याला अनेक दशके लागली. २००९ मध्ये राजीव गांधी ग्रामीण वितरक योजना आणि १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर वाड्यावस्त्यांवर लाल टाकी सर्रास दिसू लागली. हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि गळाला की जमिनीलगत साचतो. त्याला स्वतःचा वास नसतो, म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. वास आला की दारे-खिडक्या उघडायच्या, दिव्याचे बटन दाबायचे नाही, रेग्युलेटर बंद करायचा, हे सिलिंडर घेणाऱ्या घराला शिकावे लागले. चुलीपुढे बसून रांधणारी बाई याच काळात ओट्यापाशी उभी राहू लागली.

इंडक्शनची वाट विजेवर अवलंबून होती. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. भीमाकाठी वीज आधी महत्त्वाची ठरली ती नदीवरच्या आणि विहिरीवरच्या मोटारींसाठी. घरात एक-दोन दिवे पुरत. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महावितरण झाले. त्यानंतरची काही वर्षे भारनियमनाची होती. मग गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे करण्यात आले आणि घरांना मोटारींच्या वेळापत्रकाबाहेर वीज मिळू लागली. विजेवर रोज रांधण्याचा विचार त्यानंतरच शक्य झाला. प्रवर्तनाने (इंडक्शनने) भांडे तापवण्याचे तत्त्व विसाव्या शतकाच्या आरंभीच पेटंटांत आले होते आणि १९७० च्या दशकात अमेरिकेत अशा शेगड्या विक्रीला आल्या. २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ईईएसएल या कंपनीने देशात २० लाख इंडक्शन शेगड्या वाटण्याचा कार्यक्रम जाहीर केला.

या शेगडीच्या काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो आणि वर ठेवलेल्या लोखंडी बुडात भोवरी प्रवाह निर्माण होऊन बूडच तापते. काच स्वतः तापत नाही, ती भांड्यामुळे तापते. म्हणून भांडे उतरवल्यावरही तिच्यावर हात ठेवू नये. ज्योत नसल्याने ती गार आहे असा समज होतो आणि पहिल्या आठवड्यात चटके बसतात ते यानेच. ॲल्युमिनियमची (जर्मलची) पातेली, तांब्या-पितळेची भांडी आणि मातीचे खापर यावर तापत नाहीत. घरातले कोणते भांडे चालेल ते चुंबकाने कळते. बुडाला चुंबक घट्ट चिकटला आणि बूड सपाट असले तर भांडे चालते. बिडाचा सपाट तवा उत्तम. गोल बुडाची कढई निरुपयोगी.

पहिले पातेले ठेवण्याआधी पाहायची वस्तू बोर्ड आहे. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टला सुमारे पावणेनऊ अँपिअर प्रवाह ओढते. दिवा-पंख्याच्या बोर्डावरचा साधा पॉइंट ६ अँपिअरचा असतो. त्यावर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर ही शेगडी लावली की पिना तापतात, प्लास्टिक मऊ पडते आणि तार आतल्या आत जळू लागते. तिला १६ अँपिअरचा तीन पिनांचा स्वतंत्र पॉइंट, निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि एमसीबी हवा. खेड्यात सर्वांत जास्त दुर्लक्षित गोष्ट अर्थिंग आहे. अनेक घरांत तिसरी पिन भोकात जाते, पण तिच्यामागे तारच नसते. अर्थिंगचा खड्डा असला तरी उन्हाळ्यात जमीन कोरडी पडून त्याचा उपयोग कमी होतो, म्हणून त्यात पाणी घालत राहावे लागते. गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला तर जीव वाचू शकतो. वायरमनकडून हे तपासून घेण्याचा खर्च शेगडीच्या किमतीतच धरावा.

शेगडी ठेवण्याची जागा कोरडी, सपाट आणि गॅसच्या ज्योतीपासून दूर हवी. तिच्या बुडाशी आणि मागे हवेच्या फटी असतात. भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवावे आणि खाली कापड किंवा वर्तमानपत्र अंथरू नये. पहिल्या वेळी पातेल्यात नुसते पाणी घेऊन ते मध्यम आचेवर उकळावे, आणि पंधरा मिनिटांनी बटन बंद करून प्लग बाहेर काढावा आणि तो व तार गरम झाली आहे का ते पाहावे. तार कोमट असेल तर ठीक. प्लग हाताला सहन होत नसेल तर त्या पॉइंटवर पुन्हा रांधू नये. रिकामे भांडे ठेवू नये. फोडणीचे तेल मंद आचेवर तापवावे, कारण थोडे तेल गॅसवरच्यापेक्षा लवकर धुरावते. तेल पेटलेच तर बटन बंद करून झाकण घालावे. पाणी कधीही ओतू नये. काचेवर चमचा किंवा सुरी ठेवू नये. हृदयात पेसमेकर असलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारावे आणि चालू शेगडीपासून सुमारे दोन फूट लांब राहावे.

बाजरीच्या भाकरीचा प्रश्न या पट्ट्यात खरा आहे. चुलीवर भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यापुढे उभी करतात आणि ती टम्म फुगते. इंडक्शनवर जाळ नसल्याने तिला तव्यावरच कापडाने दाबत फुगवावे लागते, आणि पापुद्रा तसा सुटत नाही. त्यामुळे एकाच घरात अंगणातली चूल आंघोळीच्या पाण्याला आणि भाकरीला, ओट्यावरचा गॅस रोजच्या स्वयंपाकाला आणि इंडक्शन दूध, चहा, भातासाठी अशी वाटणी झालेली दिसते. पदर पेटण्याचा धोका इंडक्शनमुळे जवळजवळ नाहीसा होतो, आणि एवढ्या कारणानेही ते घरात असणे योग्य आहे.

रांधून झाल्यावर शेगडीचा आतला पंखा काही वेळ फिरत राहतो. तो थांबल्यावरच बटन बंद करून प्लग काढावा, काच गार होऊ द्यावी आणि पिळलेल्या फडक्याने पुसावी. काचेला बारीक तडा गेला तरी वापर थांबवावा, कारण सांडलेले दूध तड्यातून विजेच्या भागापर्यंत पोहोचते. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागण्याआधीच प्लग भिंतीतून काढून ठेवावा. बिघडलेली शेगडी घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्या कपॅसिटरमध्ये काही काळ धक्का बसेल इतका भार राहतो.