दुसऱ्या पसंतीची गोष्ट

२०२५ च्या मे महिन्यात मेलबर्नहून भाच्याचा फोन आला. तिथला नागरिक झाल्यावर त्याचं हे पहिलंच मतदान. म्हणाला, "मावशी, इथे खासदारकीला उभ्या असलेल्या सगळ्यांना १, २, ३ असे नंबर द्यायचे. नुसता १ लिहून आलं तर मत बाद!"

मी हसले. मंडळी, हा प्रकार आम्हा शिक्षकांना नवा नाही. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात आम्ही असेच आकडे लिहीत आलो. फरक एवढाच, की आपल्याकडे १ लिहिला की मत ग्राह्य. पुढचे आकडे ऐच्छिक.

पण हे तिकडे सुरू कसं झालं? इतिहास शिकवण्यात जन्म गेला, खोड जाते थोडीच! वाचत बसले.

१९१८ साली जॉन फॉरेस्ट वारले आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या स्वान मतदारसंघात ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक लागली. तेव्हा आपल्यासारखीच पद्धत होती, ज्याला जास्त मतं तो विजयी. सत्ताधारी नॅशनॅलिस्ट पक्षाचा एक उमेदवार आणि शेतकऱ्यांच्या संघटनेचा दुसरा. दोघांचे मतदार साधारण एकाच विचाराचे. त्यांची मतं फुटली आणि मजूर पक्षाचा एडविन कॉर्बॉय, अवघा २२ वर्षांचा पोरगा, सुमारे ३४ टक्के मतांवर निवडून आला.

पंतप्रधान ह्यूज यांचं सरकार खडबडून जागं झालं. नोव्हेंबरमध्ये नवा कायदा झालासुद्धा! कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर तळाचा उमेदवार बाद करायचा, त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटायच्या, आणि कोणीतरी निम्मा टप्पा ओलांडेपर्यंत हेच करत राहायचं.

डिसेंबरमध्ये कोरंगमाइटच्या पोटनिवडणुकीत लगेच प्रचिती आली. मजूर पक्षाचे जेम्स स्कलिन पहिल्या मोजणीत सर्वांत पुढे होते, पण पसंत्या वाटल्यावर शेतकऱ्यांचे विल्यम गिब्सन जिंकले. हेच स्कलिन पुढे १९२९ मध्ये पंतप्रधान झाले.

म्हणजे सुधारणा झाली ती काही निव्वळ तत्त्वासाठी नाही, स्वतःची खुर्ची सांभाळायला. पण काळाचा न्याय बघा. २०२२ मध्ये त्याच मजूर पक्षाला पहिल्या पसंतीची जेमतेम ३३ टक्के मतं मिळाली, आणि इतरांच्या पसंत्यांच्या जोरावर १५१ पैकी ७७ जागा! ज्याला अडवायला कुंपण घातलं, त्यालाच पुढे त्याचा आधार झाला.

आता माझी गोष्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी शिक्षक मतदारसंघात आमच्या संघटनेचा उमेदवार उभा होता. मी १ लिहिला आणि थांबले. आमचे हेही शिक्षकच, त्यांनी मात्र तीन आकडे लिहिले. घरी आल्यावर मी चिडले. "दुसऱ्याला आकडा देणं म्हणजे आपल्या माणसाशी बेइमानी!" हे शांतपणे म्हणाले, "अगं, आपला माणूस आहे तोवर मत त्याचंच आहे. तो गेल्यावर तरी तुझं म्हणणं कोणी ऐकू नये का?"

आमचा उमेदवार बाद झाला. ह्यांचं मत पुढे चालत राहिलं. माझं तिथेच संपलं. आणि मला जो अजिबात नको होता, तोच निवडून आला. माझ्या एका मताने निकाल बदलला नसता, हे कळतं. तरी रुखरुख राहिलीच, कारण 'कोण हवा' हे सांगताना 'कोण चालेल' हे सांगायची संधी मी हट्टाने सोडली होती.

लोकसभेला ही पद्धत आपल्याकडे असावी का? इतक्या प्रचंड देशात फेऱ्यांवर फेऱ्या मोजणं, लिहिता न येणाऱ्यांनी आकडे कसे लिहायचे, हे प्रश्न खरेच आहेत. मी निकाल देत नाही. पण पहिली पसंती कोण हे सांगायला जिद्द लागते आणि दुसरी सांगायला थोडं शहाणपण, हे मला पटलंय.

हे आज असते, तर तसं त्यांना सांगितलं असतं.