थीम पार्कमधले जेवण : पोटासाठी की विश्रांतीसाठी?

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, ओरलँडो शहराजवळ, वॉल्ट डिस्ने वर्ल्ड हे सुमारे चाळीस चौरस मैलांवर पसरलेले करमणूक संकुल आहे. तेथे जाणारे कुटुंब विमानाची तिकिटे, हॉटेल आणि प्रवेशिका यांचा हिशेब चोख मांडते. जेवणाचा हिशेब मात्र बहुधा 'तिथे काहीतरी मिळेलच' या एका वाक्यात संपतो. मिळते, यात शंका नाही. परंतु ते किती वेळाने मिळते आणि खाताना पाय टेकायला जागा असते की नाही, यावर त्या दिवसाचा उत्तरार्ध अवलंबून असतो. सकाळी साडेआठपासून उन्हात चाललेले सहा-सात वर्षांचे मूल दुपारी दोन वाजता राइडच्या रांगेत रडू लागते, तेव्हा त्यामागे हट्टापेक्षा भूक, तहान आणि थकवा अधिक असतो. म्हणूनच अशा सहलीत रेस्टॉरंटमध्ये बसून जेवणे ही चैन आहे की गरज, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

जेवणाचे आणि थीम पार्कचे नाते जुने आहे. एका ठिकाणी तर आधी जेवण होते आणि पार्क नंतर आले. कॅलिफोर्नियातील ब्यूना पार्क येथे वॉल्टर आणि कॉर्डेलिया नॉट हे दांपत्य बेरीची शेती करीत असे. मंदीच्या काळात, १९३४ साली, कॉर्डेलिया यांनी घरच्या लग्नातल्या चिनी मातीच्या ताटल्यांमध्ये तळलेल्या चिकनचे जेवण विकायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी आठ जेवणे गेली. दर ६५ सेंट. पुढे काही वर्षांतच खवय्यांना टेबलासाठी तासन्‌ तास ताटकळावे लागू लागले. वाट पाहणाऱ्या या मंडळींचे मन रमावे म्हणून वॉल्टर यांनी १९४० मध्ये जुन्या पश्चिम अमेरिकेतील ओसाड गावाची प्रतिकृती उभारायला घेतली. आजचे 'नॉट्स बेरी फार्म' हे मोठे करमणूक उद्यान त्यातूनच वाढले. आज लोक राइडसाठी रांगेत उभे राहतात आणि मधेच जेवतात. तेथे ते जेवणासाठी उभे होते आणि करमणूक मधली होती.

त्याच परिसरात, काही मैलांवर, १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले. अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक लोक आले, खाद्यपदार्थ संपले आणि प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे अनेक नळ कोरडे राहिले. कडक उन्हाळ्याचा तो दिवस डिस्नेच्या इतिहासात आजही फजितीचा म्हणूनच सांगितला जातो. त्यानंतर भोजनव्यवस्थेकडे या कंपनीने कधी दुर्लक्ष केले नाही. १९६७ मध्ये 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' या राइडच्या पोटातच 'ब्लू बायू' हे रेस्टॉरंट सुरू झाले. तेथे भर दुपारीही चांदण्या रात्रीचा भास होतो आणि टेबलांपासून जवळच राइडच्या नावा पाण्यातून सरकत जातात. जेवणही कथेचाच भाग करायचे, ही कल्पना येथे स्थिरावली.

अंदाज चुकला तर काय होते, याचा धडा पॅरिसने दिला. १२ एप्रिल १९९२ रोजी तेथील पार्क सुरू झाले, तेव्हा युरोपीय लोक सकाळी फारसे खात नाहीत अशी समजूत करून हॉटेलांतील न्याहारीची जागा तुटपुंजी ठेवण्यात आली होती. प्रत्यक्षात पाहुण्यांना भरपेट न्याहारी हवी होती आणि काही शेकडो आसनांसमोर हजारोंच्या रांगा लागल्या. दुपारी उलट प्रकार झाला. अमेरिकन माणूस हातात काहीतरी घेऊन कधीही खातो. फ्रेंच कुटुंबाला मात्र जेवणाच्या ठरलेल्या वेळी, सगळ्यांनी एकत्र, टेबलापाशी बसायचे होते. शिवाय पार्कमध्ये वाइन मिळत नव्हती. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, ती मिळू लागली. पार्क अमेरिकन असले तरी पोट ज्याचे त्याचे देशी असते, हे कंपनीला पैसे मोजून कळले.

दोन प्रकारची सोय

ओरलँडोचे डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी 'मॅजिक किंगडम' या पहिल्या पार्कने सुरू झाले. त्यात १९८२ मध्ये 'एपकॉट', १९८९ मध्ये आज 'हॉलिवूड स्टुडिओज' म्हणून ओळखले जाणारे पार्क आणि १९९८ मध्ये 'अॅनिमल किंगडम' यांची भर पडली. चारही ठिकाणी खाण्याची सोय ढोबळमानाने दोन प्रकारची आहे. एक, काउंटरवर पैसे देऊन ट्रे स्वतः उचलायचा. दुसरी, वेटर टेबलावर आणून देतो ती. बफे आणि कार्टून पात्रांसह भोजन ही दुसऱ्या प्रकाराचीच रूपे. हातगाडीवरचे आइस्क्रीम, पॉपकॉर्न आणि टर्कीची भलीमोठी तंगडी यांना जेवण म्हणावे की तमाशा, हे ज्याने त्याने ठरवावे.

काउंटरवरचे जेवण साधारण पंधरा डॉलरच्या आसपास पडते आणि भूक भागवायला पुरेसे असते. दोष चवीत तितका नाही, जितका बाराच्या ठोक्याला उसळणाऱ्या गर्दीत आहे. एकाने रांगेत उभे राहायचे, दुसऱ्याने ट्रे घेऊन रिकामे टेबल शोधत हिंडायचे आणि तिसऱ्याने मुलाचा हात धरायचा, अशी कुटुंबाची फाळणी होते. २०१७ पासून मोबाइलवरून आधी मागणी नोंदवण्याची सोय झाल्याने रांगेचा जाच बराच कमी झाला. टेबल शोधण्याचा मात्र संपलेला नाही. सकाळी अकराला किंवा दुपारी अडीचनंतर खाणे हा त्यावरचा जुना आणि अजूनही सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

टेबलावर बसून घेतलेल्या जेवणाला तास-सव्वा तास लागतो. प्रवेशिकेचा दर लक्षात घेता हा वेळ वाया गेला असे पुष्कळांना वाटते. मॅजिक किंगडमची एका दिवसाची प्रवेशिका २०१५ मध्येच शंभर डॉलरच्या पुढे गेली, तेव्हा ही भावना समजण्यासारखी आहे. पण हिशेब उलट बाजूनेही मांडता येतो. या पार्कमध्ये दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणे सहज होते. उन्हाळ्यात फ्लोरिडाची हवा मुंबईच्या मे महिन्यासारखी दमट असते आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास विजांसह पाऊस कोसळतो. तशा वेळी उघड्यावरच्या राइड्स बंद ठेवतात. त्याच वेळी वातानुकूलित खोलीत, खुर्चीवर, पाण्याचा ग्लास समोर घेऊन बसलेले कुटुंब काहीच गमावत नसते. उलट संध्याकाळचे चार तास त्याच्या पदरात पडतात. येथे तासाभराच्या विसाव्याचे दाम मोजले जाते. पदार्थ त्याच्यासोबत येतात, असे म्हटले तरी चालेल.

याला आणखी एक बाजू आहे. राइडवर माणसे शेजारी बसतात, पण समोर पाहतात. रांगेत जो तो मोबाइलमध्ये असतो. दिवसभरात आजी, नातू, आई, वडील यांची तोंडे एकमेकांकडे होतात ती टेबलापाशी. शिकागो किंवा डॅलसला नोकरी करणारा मुलगा पुण्याहून आलेल्या आईवडिलांना हौसेने ओरलँडोला नेतो, तेव्हा ज्येष्ठांच्या वाट्याला राइड्स फारशा येत नाहीत. बाकावर बसून पिशव्या सांभाळण्याचे काम येते. त्यांच्यासाठी सहलीचा खरा कार्यक्रम बहुधा हा जेवणाचाच असतो.

पात्रांसह भोजन

लहान मुले असतील तर मिकी किंवा राजकन्या टेबलापाशी येऊन भेटतात असे भोजन एकदा तरी घ्यावे काय, हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. मॅजिक किंगडमच्या किल्ल्यातील 'सिंडरेलाज रॉयल टेबल' आणि कंटेम्पररी हॉटेलातील 'शेफ मिकीज' ही यातली प्रसिद्ध ठिकाणे. मोठ्या माणसामागे पन्नास डॉलरहून अधिक खर्च येतो. कर आणि टिप वेगळी. येथे एक खाच ध्यानात ठेवावी. तीन वर्षांखालील मुलाचे पैसे लागत नाहीत, तीन ते नऊ वर्षांच्या मुलाला कमी दर असतो आणि दहावे वर्ष पूर्ण झालेले मूल हिशेबात 'मोठे' ठरते, मग ते दोन घास खाऊन उठले तरी. आईवडील, अकरा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी अशा चौघांचे बिल टिपसह दोनशे डॉलरच्या पुढे जाते.

एवढे पैसे अन्नासाठी मोजायचे तर सौदा महागच आहे. परंतु पार्कमध्ये एकेका पात्राला भेटण्यासाठी वेगळ्या रांगा असतात आणि त्यात तासच्या तास जातात. ती चार-पाच पात्रे टेबलापाशी येऊन भेटत असतील, तर चार ते आठ वर्षांच्या मुलांच्या घरासाठी हा खर्च पटण्याजोगा आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना मात्र त्याचा संकोच वाटतो. त्यांच्यासाठी हॉलिवूड स्टुडिओजमधील 'फिफ्टीज प्राइम टाइम कॅफे' अधिक गमतीचा. तेथील वेटर घरातल्या मावशी-आत्याच्या थाटात वावरतात, टेबलावर कोपर टेकल्यास दटावतात आणि भाजी संपवल्याशिवाय उठू देत नाहीत. मराठी घरात हे फुकट मिळते, ही गोष्ट वेगळी.

एपकॉटमध्ये तळ्याभोवती अकरा देशांची दालने आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाला आपापले रेस्टॉरंट आहे. मेक्सिको, जपान, मोरोक्को, फ्रान्स अशी फेरी जिभेने करता येते. या अकरांत भारत नाही.

आरक्षण आणि डायनिंग प्लॅन

टेबलावरच्या जेवणासाठी आयत्या वेळी जाऊन जागा मिळण्याची आशा धरू नये. पूर्वी १८० दिवस आधी आरक्षण खुले होत असे. म्हणजे डिसेंबरातल्या कोणत्या मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला कोणते सूप प्यायचे, हे जूनमध्ये ठरवावे लागे. आता ही मुदत ६० दिवसांवर आली आहे. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्कामाच्या दहा दिवसांपर्यंतचे आरक्षण एकदम करता येते. ते तेथील पहाटेच्या सुमारास उघडते, तेव्हा भारतात दुपार असते, ही येथून तयारी करणाऱ्यांची सोयच. आरक्षण करून न गेल्यास माणशी दंड पडतो.

२००५ मध्ये डिस्नेने हॉटेलच्या पाहुण्यांसाठी 'डायनिंग प्लॅन' आणला. मुक्कामाच्या रात्रींनुसार जेवणांचे पैसे आधीच भरायचे, ही त्याची पद्धत. सुरुवातीला त्यात सुरुवातीचा पदार्थ आणि टिपही धरलेली होती. २००८ पासून ही दोन्ही वगळण्यात आली. करोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये पार्क बंद झाले तेव्हा ही योजना थांबली आणि जानेवारी २०२४ मध्ये परतली. टेबलावरचे जेवण धरलेल्या योजनेचा दर तेव्हा मोठ्या माणसाला रात्रीमागे नव्वद डॉलरहून अधिक होता.

खर्च आधी कळतो, हा योजनेचा खरा गुण. पण पैसे भरून झालेले असल्याने माणूस भूक नसताना जेवतो, परवडते त्यातले सर्वांत महाग निवडतो आणि रोज एका ठरलेल्या वेळी पार्कच्या दुसऱ्या टोकाकडे धावतो. विश्रांतीसाठी घेतलेल्या जेवणाचे वेळापत्रक होऊन बसते. मांसाहार आणि मद्य न घेणाऱ्या, बेताने खाणाऱ्या कुटुंबाला ही योजना क्वचितच फायद्याची ठरते. पाच दिवसांच्या सहलीत दोन, फार तर तीन वेळा टेबलावर बसणे आणि एरवी काउंटर, ही वाटणी बहुतेकांना पुरते. पहिल्या दिवशी मात्र आरक्षण करू नये. विमान, सामान आणि झोप यांचा भरवसा नसतो.

टिपेचा विसर पडू नये. अमेरिकेत टेबलावर सेवा घेतल्यास बिलाच्या १८ ते २० टक्के टिप देण्याची रीत आहे. सहा किंवा अधिक माणसे असल्यास डिस्नेमध्ये १८ टक्के आपोआप लावले जातात. ते न पाहता वर आणखी टिप ठेवणारे पाहुणे काही कमी नाहीत.

शाकाहारींचे काय?

ही परिस्थिती गेल्या काही वर्षांत खूप सुधारली. २०१९ पासून मेन्यूवर हिरव्या पानाचे छोटे चिन्ह दिसते. त्याचा अर्थ पदार्थात मांस, मासे, अंडी, दूध, मध यांपैकी काहीही नाही. मात्र चिन्ह नसलेला पदार्थ शाकाहारी असूही शकतो, कारण चीज घातलेला पिझ्झा त्यात बसत नाही. अंडे चालत नसेल किंवा कांदा-लसूण वर्ज्य असेल, तर आरक्षण करतानाच तशी नोंद करावी आणि टेबलापाशी पुन्हा सांगावे. वेटर स्वयंपाकघरात विचारून येतो. काउंटरवर इतकी सवड मिळेलच असे नाही.

घरचे खाणे पार्कमध्ये नेण्यास डिस्ने वर्ल्डमध्ये मनाई नाही. काचेची बाटली आणि मद्य चालत नाही. दशम्या, चिवडा, लाडू खुशाल न्यावेत, लोणचे प्लॅस्टिकच्या डबीत. काउंटरवर बर्फाचे पाणी मागितल्यास विनामूल्य मिळते, म्हणून चार-पाच डॉलरची बाटली घेण्याचे कारण नाही. ओरलँडोतीलच इतर पार्कांचे नियम अधिक कडक असतात, तेव्हा डबा भरण्यापूर्वी ते पाहून घ्यावेत.

आणि भारतीय चवीसाठी जीव कासावीस झालाच, तर अॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलात 'सनाआ' नावाचे रेस्टॉरंट आहे. २००९ मध्ये सुरू झालेल्या या ठिकाणी आफ्रिकी आणि भारतीय पाकपद्धतींचा मेळ घातलेला आहे. नान, कांद्याचा कुलचा, पनीर पराठा अशा भाकरप्रकारांबरोबर नऊ तऱ्हेच्या चटण्या, रायते आणि लोणची येतात. एका ताटात दोघांचे सहज भागते. त्यासाठी त्या हॉटेलात मुक्काम असण्याची अट नाही, पार्कची प्रवेशिकाही लागत नाही. उजेड असेतो जावे; खिडकीबाहेरच्या कुरणात जिराफ आणि झेब्रे चरत असतात.