मनाची विचारपूस : प्रश्नावलीपासून मोबाइलपर्यंत

मराठीत 'चौकशी' आणि 'विचारपूस' असे दोन शब्द आहेत. दोन्हींत प्रश्नच विचारायचे असतात. परंतु चौकशी विचारणाऱ्याच्या गरजेपोटी होते आणि विचारपूस समोरच्या माणसासाठी. विद्यार्थ्यांचे मन जाणून घेण्यासाठी गेल्या शंभर वर्षांत जी साधने तयार झाली, त्यांचा इतिहास पाहताना हा फरक आम्हांला फार उपयोगी वाटला.

परभणी जिल्ह्यातील शिक्षकांना हा विषय परका नाही. गंगाखेड, पालम, जिंतूर या भागांतून दसरा-दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. काही मुले आईवडिलांबरोबर जातात, काही आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. पाऊस हुकला की घरातील ताण वर्गात उमटतो. २०१५ साली राज्य शासनाने शेतकरी कुटुंबांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात मराठवाड्यातील आठ आणि विदर्भातील सहा जिल्हे होते आणि परभणी त्यांपैकी एक होता. आशा कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन विचारपूस करायची आणि गरज दिसेल त्याला आरोग्य केंद्रापर्यंत किंवा १०४ या दूरध्वनी सेवेपर्यंत पोचवायचे, अशी ती योजना होती.

विद्यार्थ्यांपुरते बोलायचे, तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते आणि हा आकडा सर्व राज्यांत मोठा होता. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा, असे त्यांत म्हटले आहे. खेड्यातील शाळेला असा माणूस सहज मिळत नाही. मग मोबाइलवरचे एखादे साधन हा सोपा मार्ग वाटू लागतो. तो कितपत सोपा आहे हे कळण्यासाठी या साधनांची कुळे पाहिली पाहिजेत.

पहिले कूळ : प्रश्नावली

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. तोफगोळ्यांच्या माऱ्यात अनेक सैनिकांचे मानसिक स्वास्थ्य ढासळते, हा युरोपातील अनुभव समोर होता. भरती होणाऱ्यांतून असे तरुण आधीच ओळखता यावेत म्हणून रॉबर्ट वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञाने 'होय' किंवा 'नाही' अशी उत्तरे द्यायची प्रश्नावली तयार केली. तिचा खरा उपयोग होण्यापूर्वीच युद्ध संपले. परंतु प्रश्नावली उरली आणि १९२०च्या दशकात तिच्या मुलांसाठीच्या आवृत्त्या निघाल्या.

या कुळातील आजचे एक प्रसिद्ध साधन म्हणजे लंडनच्या रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ साली मांडलेली पंचवीस विधानांची प्रश्नावली. भावनिक त्रास, वर्तन, चंचलता, सवंगड्यांशी संबंध आणि इतरांना मदत करण्याची वृत्ती अशा पाच भागांत प्रत्येकी पाच विधाने आहेत. विधान आपल्याला कितपत लागू पडते ते मुलाने, पालकाने किंवा शिक्षकाने सांगायचे. जगातील अनेक भाषांत तिचे अनुवाद झाले. मोबाइलवर मुलांची 'भावनिक तपासणी' करणारी कित्येक साधने अशाच एखाद्या प्रश्नावलीवर उभी असतात. कागदाच्या जागी पडदा आला, बेरीज यंत्र करू लागले, एवढाच फरक.

सर्व विद्यार्थ्यांना एकाच वेळी प्रश्न विचारण्याचा एक मोठा अनुभव महाराष्ट्राला आहे. राज्य मंडळाने श्यामची आई फाउंडेशनच्या सहकार्याने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली. ती भावनिक अडचणींची नव्हे, आवडीच्या क्षेत्राची चाचणी होती. तरीही खेड्यापाड्यांतील शाळांतून लाखो मुलांची उत्तरे संगणकावर गोळा करता येतात, हे तिच्यामुळे दिसले. म्हणजे प्रश्न विचारणे अवघड नाही. उत्तरांचे पुढे काय करायचे, हे अवघड आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. शाळेत ४०० विद्यार्थी आहेत आणि त्यांपैकी ४० जणांना खरोखर मदतीची गरज आहे. आपली प्रश्नावली अशा मुलांपैकी ८० टक्के मुलांना ओळखते, म्हणजे ३२ सापडतात आणि ८ निसटतात. ज्यांना गरज नाही अशा ३६० मुलांपैकी ८५ टक्के मुलांना ती बरोबर वगळते. उरलेल्या ५४ मुलांवर मात्र चुकीची खूण होते. एकूण खुणा ८६ आणि त्यांत खऱ्या फक्त ३२. साधन वाईट नसूनही असे घडते, कारण गरज नसलेली मुलेच संख्येने जास्त असतात. या ८६ मुलांशी प्रत्येकी अर्धा तास बोलायचे म्हटले तरी ४३ तास लागतील. ते तास देणारा माणूस नसेल तर ५४ मुलांवर विनाकारण शिक्का बसतो आणि ३२ मुलांच्या पदरात शिक्क्याखेरीज काही पडत नाही. गणिताच्या तासाला वरच्या वर्गातील मुलांकडून हे उदाहरण वेगवेगळे आकडे घेऊन जरूर सोडवून घ्यावे.

दुसरे कूळ : बोलणारे यंत्र

१९६६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' नावाची संगणक प्रणाली प्रसिद्ध केली. हे नाव बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकाच्या नायिकेचे. याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' लिहिले. प्रणालीची युक्ती साधी होती. समोरच्याच्या वाक्यातील ठरावीक शब्द हेरायचे आणि तेच वाक्य फिरवून प्रश्नरूपाने परत करायचे. मराठीत असे यंत्र केले आणि मुलाने 'मला घरी जावंसं वाटत नाही' असे लिहिले, तर यंत्र विचारील, 'तुला घरी जावंसं का वाटत नाही?' यात घर म्हणजे काय हे यंत्राला मुळीच ठाऊक नसते.

तरीही माणसे तिच्याशी मनापासून बोलू लागली. वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीने तर तिच्याशी बोलताना खुद्द त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले. या अनुभवाने ते अस्वस्थ झाले. संगणकाला काय करता येते यापेक्षा त्याच्यावर काय सोपवू नये हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटू लागला आणि १९७६ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले.

या कुळातील पुढचे नाव 'वोबॉट'. विचार बदलले की भावना आणि वर्तनही बदलू शकते, या तत्त्वावरील उपचारपद्धतीचे धडे ते गप्पांच्या रूपात देई. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १८ ते २८ वयाचे ७० तरुण होते. काहींना वोबॉट दिले, काहींना माहितीचे पुस्तक. दोन आठवड्यांनी वोबॉट वापरणाऱ्यांत नैराश्याची लक्षणे कमी दिसली. निष्कर्ष आशादायक होता; पण माणसे थोडी, काळ थोडा आणि शाळकरी मूल त्यांत एकही नाही. ३० जून २०२५ रोजी हे साधन बंद करण्यात आले. शाळेने आपली व्यवस्था अशा एकाच साधनावर बेतली असती, तर तिचे काय झाले असते याचा विचार करावा. आपल्याकडे बंगळुरूत तयार झालेले 'वायसा' हेही याच जातीचे साधन आहे.

२०२२ नंतर कोणत्याही विषयावर सफाईने लिहिणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मुलांच्या हाती आली. त्यांची भाषा एलायझापेक्षा कितीतरी सरस आहे. पण बोलणाऱ्याच्या म्हणण्याला होकार देत राहण्याकडे त्यांचा कल असतो, आणि दुखावलेल्या मुलाला प्रत्येक वेळी होकारच हवा असतो असे नाही. भाषेचाही प्रश्न आहे. आपल्याकडील मूल 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणत नाही. ते म्हणते, 'करमत नाही', 'पोटात गोळा येतो', 'अभ्यासात जीव लागत नाही'. 'करमत नाही' म्हणजे कंटाळा, आठवण, एकटेपणा, की नुसती सुट्टी हवी आहे? हे ते मूल ओळखणाऱ्यालाच कळते.

तिसरे कूळ : दूरध्वनी

चॅड व्हारा हे इंग्लंडमधील धर्मोपदेशक. १९३५ साली त्यांना ज्या अंत्यविधींना उभे राहावे लागले, त्यांत एका शाळकरी वयाच्या मुलीचा अंत्यविधी होता. पाळी सुरू झाल्यावर आपल्याला वाईट रोग जडला अशी तिची समजूत झाली होती. विचारायला कोणी नव्हते. तिने जीव दिला. विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाने ही घटना ध्यानात ठेवावी. प्रजननसंस्थेचा धडा 'घरी वाचा' म्हणून सोडून देणे किती महाग पडू शकते, हे तिच्यावरून कळते.

१९५३ साली व्हारा यांनी लंडनच्या आपल्या चर्चमधून संकटातील माणसांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली. भेटायला येणाऱ्यांची गर्दी झाली. थांबलेल्यांना चहा देण्यासाठी आणि सोबत म्हणून काही साधी माणसे मदतीला आली. लवकरच व्हारा यांच्या लक्षात आले, की पुष्कळजण या माणसांशी बोलूनच हलके होतात आणि आपल्याला न भेटताच परत जातात. तेव्हा ऐकण्याचे काम त्यांनी या स्वयंसेवकांकडे सोपवले.

मुंबईत १९९६ साली जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने, टाटा समाजविज्ञान संस्थेचा उपक्रम म्हणून, मुलांसाठी १०९८ हा क्रमांक सुरू झाला. कोविडच्या काळात, जुलै २०२० मध्ये, केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी 'मनोदर्पण' सुरू केले. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भाषांत उपलब्ध आहे. यात यंत्र आहे, पण ते फक्त जोडण्याचे काम करते. पलीकडे माणूस असतो. साधा बटणांचा फोनही त्यासाठी पुरतो.

चौथे कूळ : खेळ आणि सोबत

न्यूझीलंडमध्ये 'स्पार्क्स' नावाचा संगणकीय खेळ तयार झाला. काल्पनिक जगात फिरता फिरता मुलाने नकारात्मक विचारांना तोंड द्यायला शिकायचे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १२ ते १९ वयाची १८७ मुलेमुली होती आणि तिथल्या नेहमीच्या समुपदेशनापेक्षा हा खेळ कमी पडला नाही. आपल्याकडे गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगथ' संस्थेने 'पॉड ॲडव्हेंचर्स' हा मोबाइलवरील खेळ रचला. अडचण नेमकी ओळखायची, पर्याय शोधायचे, एक करून पाहायचा, अशी त्याची पद्धत आहे. मुलाने तो एकट्याने खेळायचा नाही. प्रशिक्षण घेतलेला साधा समुपदेशक सोबत असतो.

याच गटाने २०१८ साली दिल्लीच्या सरकारी शाळांत केलेला एक प्रयोग आमच्या मते सर्वांत बोलका आहे. नववी ते बारावीची २५१ मुलेमुली त्यात होती. काहींना अडचणी सोडवण्याविषयीच्या पुस्तिका दिल्या. इतरांना त्याच पुस्तिका आणि शिवाय समुपदेशकाबरोबर चार-पाच छोट्या भेटी. सहा आठवड्यांनी दोन मापे लावली. गुडमन यांच्या प्रश्नावलीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. दुसरे माप वेगळे होते. त्यात मुलाने स्वतःच्या शब्दांत आपल्या मुख्य अडचणी सांगायच्या आणि प्रत्येकीचा त्रास शून्य ते दहा यांपैकी किती, तो आकडा द्यायचा. या मापाप्रमाणे समुपदेशकाला भेटलेल्या मुलांचा त्रास अधिक कमी झाला होता. आपल्याला भेटी मिळाल्या हे मुलांना ठाऊक असल्याने या आकड्यांवर त्याचा प्रभाव पडू शकतो, ही शंका रास्त आहे. तरीही तयार विधानांतून न दिसणारे काहीतरी मुलाच्या स्वतःच्या शब्दांतून दिसते, हे नाकारता येत नाही.

आपल्या शाळेसाठी

तेव्हा कोणतेही साधन समोर आले, तर आम्ही चार प्रश्न विचारू. ते कोणाच्या फोनवर चालणार? घरात एकच फोन असेल आणि तो वडिलांच्या खिशात असेल, तर वडिलांविषयीची भीती मूल त्यावर लिहील काय? ते मुलाच्या बोलीतील शब्द समजू शकते काय? माहिती कोणाकडे जाते? २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची तरतूद आहे. आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा : उत्तर आल्यावर पुढे कोण?

शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तपासणीचे साधन आणू नये. उत्तर असेल तर महागडे साधन नसले तरी चालते. दिल्लीच्या प्रयोगातील दुसरे माप कागदाच्या चिठ्ठीवरही मावते : तुला सध्या कोणत्या गोष्टींचा त्रास होतो, आणि दहापैकी किती? चिठ्ठी वर्गात वाचून दाखवायची नाही, परिपाठात तिचा उल्लेख करायचा नाही. महिन्याने तोच आकडा त्याच मुलाला एकट्याला पुन्हा विचारायचा. मात्र मुलाच्या बोलण्यात जीव देण्याची भाषा आली तर ते गुपित ठेवू नये. त्याला एकटे सोडू नये, मुख्याध्यापकांना व विश्वासातील पालकांना लगेच सांगावे, आणि त्याच्या शेजारी बसून १४४१६ लावावा. सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनांप्रमाणे हा क्रमांक वर्गात व वसतिगृहात मोठ्या अक्षरांत लावायचाच आहे. मुलांच्या हस्ताक्षरातच तो लिहून घेता येईल.

वुडवर्थ यांना नको असलेले सैनिक बाजूला काढायचे होते. आपल्याला वर्गातील एकही मूल बाजूला काढायचे नाही.