मँडोलिनचे ध्वनिवर्धन

मँडोलिनचे ध्वनिवर्धन : मँडोलिन या पडद्यांच्या तंतुवाद्याचा मूळचा मर्यादित आवाज मोठ्या श्रोतृसमुदायापर्यंत पोहोचविण्याचे तंत्र. वाद्याच्या कंपनांचे विद्युत् संकेतांत रूपांतर करणारे साधन वादकांत ‘पिकअप’ या नावाने रूढ आहे. पिकअपने दिलेला दुर्बल संकेत विवर्धकाने (ॲम्प्लिफायरने) सबळ केला जातो व ध्वनिक्षेपकाने (लाउडस्पीकरने) त्याचे पुन्हा ध्वनीत रूपांतर होते. कंपने तीन ठिकाणी टिपता येतात : तारेपाशी, घोडीपाशी किंवा तबलीवर आणि वाद्यासमोरील हवेत. त्यांनुसार चुंबकीय पिकअप, दाबविद्युत् पिकअप व ध्वनिग्राहक (मायक्रोफोन) असे तीन वर्ग पडतात. प्रत्येक ठिकाणी वाद्याचा वेगळा अंश हाती येतो. त्यामुळे पिकअपची निवड म्हणजे केवळ आवाज किती वाढवावा याचा निर्णय नव्हे. वाढविलेल्या आवाजात मूळ वाद्याचे किती राहू द्यावे, हेही तीत ठरत असते. विसाव्या शतकातील मँडोलिनच्या इतिहासाला या प्रश्नाने अनेकदा वळण दिले आहे.

रचना व आवाजाची मर्यादा : आजच्या मँडोलिनचे मूळ रूप अठराव्या शतकात इटलीतील नेपल्स येथे सिद्ध झाले. तेथील विनाच्चा घराण्यातील पास्क्वाले विनाच्चा या कारागिराने एकोणिसाव्या शतकात त्यात पोलादी तारा व दंतचक्रांच्या खुंट्या आणल्या. वाद्यात तारांच्या चार जोड्या असतात. त्या व्हायोलिनप्रमाणे जी, डी, ए व ई या स्वरांत लावतात. त्यांच्या कंप्रता (दर सेकंदास होणारी कंपने) अनुक्रमे सुमारे १९६, २९४, ४४० व ६५९ हर्ट्‌झ असतात. तारेची कंप पावणारी लांबी सामान्यतः ३५ सेंमी.च्या आसपास असते. इतक्या आखूड तारेत नखीच्या आघाताने साठणारी ऊर्जा थोडी असते व ती लवकर ओसरते. म्हणूनच दीर्घ स्वरासाठी वादक नखीचे जलद आघात करून स्वर कंपित ठेवतात. जोडतारांमुळे आवाज काहीसा भरदार होतो. परंतु व्हायोलिन किंवा पितळी वाद्यांच्या मेळात तो झाकोळून जातो.

यांत्रिक उपाय : विजेचा उपयोग होण्यापूर्वी आवाज वाढविण्याचे प्रयत्न वाद्याच्या अंगातच होत असत. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील कॅलमाझू येथे ऑर्व्हिल गिब्सन याने व्हायोलिनप्रमाणे कोरून बाक दिलेल्या तबलीचे मँडोलिन बनविले व १८९८ मध्ये त्याचे एकस्व मिळविले. त्याच्या नावाच्या कंपनीत लॉइड लोर या वादक-तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली १९२२ मध्ये ‘एफ-५’ हा नमुना तयार झाला. त्यात गोल ध्वनिछिद्राऐवजी व्हायोलिनसारखी दोन लांबट छिद्रे होती. बिल मन्‍रो (१९११–९६) याने १९२३ मध्ये बनलेल्या अशाच एका वाद्यावर ब्लूग्रास संगीताची शैली घडविली. या शैलीतील वादक व गायक दीर्घकाळ एकाच ध्वनिग्राहकाभोवती उभे राहून, आळीपाळीने पुढे सरकून आपापला आवाज साधत. दुसरा यांत्रिक उपाय म्हणजे तबलीच्या जागी ॲल्युमिनियमचा पातळ शंकू बसविणे. १९२७ च्या सुमारास जॉन डोपेरा याने गिटारसाठी काढलेली ही युक्ती मँडोलिनलाही लावण्यात आली. आवाज वाढला, परंतु लाकडाच्या नादाची जागा धातूच्या नादाने घेतली. आवाज वाढविताना नाद बदलतो, ही अडचण विजेच्या आधीपासूनचीच आहे.

चुंबकीय पिकअप : यात चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. वाद्याची पोलादी तार चुंबकीय क्षेत्रात कंप पावली की, विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाने वेटोळ्यात विद्युत् दाब निर्माण होतो. १९३०–४० या दशकाच्या आरंभी जॉर्ज बोशां याने हवाईयन गिटारसाठी हे तत्त्व यशस्वीपणे वापरले. १९३६ मध्ये गिब्सन कंपनीने ‘ईएस-१५०’ गिटारबरोबरच ‘ईएम-१५०’ हे विद्युत् मँडोलिनही बाजारात आणले.

हा पिकअप तारेचे कंपन टिपतो, तबलीचे नव्हे. यामुळे त्याचे गुण व दोष एकाच मुळातून येतात. ध्वनिक्षेपकाचा आवाज वाद्याच्या पोकळीत शिरून पुन्हा संकेतात मिसळल्यास कर्कश शीळ उठते. हिला पुनःप्रदाय म्हणतात. चुंबकीय पिकअपमध्ये ती कमी संभवते. मात्र कोरीव तबलीची व लाकडाची नादवैशिष्ट्ये संकेतात फारशी उतरत नाहीत. शिवाय मँडोलिनच्या जी व डी तारांवर पुष्कळदा काशाचे वेष्टन असते व ते चुंबकाला प्रतिसाद देत नाही. फक्त आतील पोलादी गाभा कार्य करतो व या तारा साध्या पोलादी ए व ई तारांपेक्षा क्षीण ऐकू येतात. म्हणून निकेलयुक्त वेष्टनाच्या तारा लावाव्या लागतात. विद्युत् पुरवठ्याच्या तारांमुळे येणारी घरघर कमी करण्यासाठी उलट दिशांनी जोडलेली दोन वेटोळी वापरतात. सेथ लव्हर याने गिब्सन कंपनीत १९५५ च्या सुमारास ही रचना प्रचारात आणली.

पोकळ अंगाचा उपयोगच उरला नाही, तेव्हा भरीव अंगाची वाद्ये निघाली. पॉल बिग्जबी याने १९५२ मध्ये टायनी मूर या वादकासाठी पाच एकेरी तारांचे भरीव मँडोलिन बनविले. फेंडर कंपनीने १९५६ मध्ये चार एकेरी तारांचे वाद्य काढले. जोडतारांची गरज मुख्यतः आवाजासाठी असल्याने, विजेने आवाज मिळताच ती संपली. ब्राझीलमधील साल्व्हादोर येथे आदोल्फो नासिमेंतू (दोदो) व ओस्मार मासेदो यांनी १९४०–५० या दशकात असेच भरीव वाद्य तयार केले. १९५० च्या कार्निव्हलमध्ये त्यांनी ते मोटारीवर बसवलेल्या ध्वनिक्षेपकांतून रस्त्यावर वाजविले. मँडोलिनप्रमाणे लावल्या जाणाऱ्या या वाद्याला पुढे ‘गितारा बायाना’ हे नाव रूढ झाले.

भारतातील स्थिती : मुंबईच्या चित्रपटसंगीतात मँडोलिनला मानाचे स्थान मिळाले. संगीतकार सज्जाद हुसेन (१९१७–९५) हे या वाद्याचे निष्णात वादक होते व त्यांनी त्यावर हिंदुस्थानी राग वाजविले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील लक्ष्मीकांत कुडाळकर (१९३७–९८) हेही आरंभी वाद्यवृंदांत मँडोलिन वाजवीत. ध्वनिमुद्रणगृहाच्या शांततेत वाद्यासमोर ठेवलेला ध्वनिग्राहक पुरेसा होता.

कर्नाटक संगीतात मात्र प्रश्न निराळा होता. तेथे गमकांसाठी तार पडद्यावर ओढून एका आघातात अनेक स्वर दाखवावे लागतात. जोडतारा सारख्या ओढणे कठीण आणि स्वर टिकत नसल्याने ओढीचा उत्तरार्ध ऐकूच येत नाही. आंध्र प्रदेशातील पालकोल्लू येथे जन्मलेल्या उप्पलपू श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी एकेरी तारांचे विद्युत् मँडोलिन स्वीकारले व पुढे त्यात पाचवी तार घेतली. चुंबकीय पिकअप व विवर्धक यांमुळे क्षीण होत जाणारा स्वरही श्रोत्यांपर्यंत पोहोचू लागला व गमके स्पष्ट झाली. पाश्चात्त्य मँडोलिनवादकांना जो दोष वाटे, तो लाकडी नादाचा अभाव येथे बाधक ठरला नाही. कारण या संगीतात वाद्याच्या मूळ नादापेक्षा स्वराचे सातत्य अधिक मोलाचे होते. श्रीनिवास यांना १९९८ मध्ये पद्मश्री हा किताब मिळाला.

दाबविद्युत् पिकअप : काही स्फटिकांवर दाब दिल्यास त्यांच्या पृष्ठांवर विद्युत् भार उत्पन्न होतो, हा शोध प्येअर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये लावला. १९६०–७० या दशकापासून या तत्त्वावरील पिकअप लाकडी तंतुवाद्यांसाठी मिळू लागले. गिटारच्या घोडीत खाच करून तीत हाडाची पट्टी बसविलेली असते व पिकअप त्या पट्टीखाली सरकवता येतो. कोरीव तबलीच्या मँडोलिनची घोडी मात्र तबलीला चिकटविलेली नसते. ती केवळ तारांच्या दाबाने उभी राहते व बहुधा दोन स्क्रूंनी तिची उंची कमीजास्त करतात. त्यामुळे दाबविद्युत् घटक घोडीच्या लाकडातच बसवितात किंवा तबलीच्या आतील बाजूस घोडीखाली चिकटवितात. पहिल्या प्रकारात तारेचा आघात ठळक व स्वच्छ येतो. दुसऱ्या प्रकारात तबलीचा नाद अधिक मिळतो, पण पुनःप्रदायाचा धोकाही वाढतो.

या पिकअपची सर्वांत सामान्य तक्रार म्हणजे चिरका, कोरडा आवाज. तिचे कारण पुष्कळदा पिकअपमध्ये नसून जोडणीत असते. दाबविद्युत् घटकाची विद्युत् धारणा अल्प असते. तो कमी संरोधाच्या (विद्युत् प्रवाहास होणाऱ्या एकंदर विरोधाच्या) आदानास जोडला, तर खालच्या कंप्रता गळून पडतात. निदान १ मेगओहम संरोधाचा पूर्वविवर्धक मध्ये जोडल्यास हा दोष बराचसा नाहीसा होतो. तरीही नखीचा आघात वास्तवाहून तीव्र भासतो. ब्लूग्रासमधील तारा दाबून केलेल्या तोडक्या ठोक्यांत हे विशेष जाणवते.

ध्वनिग्राहक : हवेतून आवाज घेणारा ध्वनिग्राहक वाद्याचा समग्र नाद देतो, कारण तार, तबली, पोकळी व ध्वनिछिद्रे यांचे मिश्रण हवेतच होते. तथापि तो शेजारचा ढोल व ध्वनिक्षेपकही तितक्याच निष्ठेने ऐकतो, आणि वादकाला त्यापासून ठराविक अंतरावर स्थिर राहावे लागते. वाद्यालाच अडकविण्याचे छोटे ध्वनिग्राहक निघाल्याने दुसरी अडचण दूर झाली, पहिली मात्र राहिली. एकविसाव्या शतकात दाबविद्युत् संकेतावर अंकीय (डिजिटल) प्रक्रिया करून त्याला ध्वनिग्राहकाने टिपलेल्या नादाचे रूप देणारी उपकरणेही प्रचारात आली आहेत.

निवडीची तत्त्वे : शांत सभागृह व लहान मेळ असल्यास ध्वनिग्राहक सर्वांत श्रेयस्कर होय. मध्यम आवाजाच्या मेळात घोडीतील दाबविद्युत् पिकअप व त्याच्या जोडीला ध्वनिग्राहक अशी योजना उपयुक्त ठरते. पहिल्याने बळ व दुसऱ्याने नाद मिळतो. ढोल व विद्युत् गिटार यांच्या बरोबरीने वाजवावयाचे असेल किंवा दीर्घ स्वर हवा असेल, तर चुंबकीय पिकअपचे भरीव वाद्य योग्य. मात्र ते लाकडी मँडोलिनची जागा घेते, त्याचा आवाज वाढवीत नाही, हे ध्यानात ठेवावे लागते. मँडोलिनचा सर्वांत खालचा सुटा स्वर १९६ हर्ट्‌झचा असल्याने, नेहमीच्या लावणीत त्याखालच्या कंप्रतांत वाद्याचा स्वर नसतो. विवर्धकात सुमारे १५० हर्ट्‌झखालचा भाग कमी केल्यास स्वराची फारशी हानी न होता हाताचे आवाज व घरघर कमी होते.

एक मर्यादा मात्र सर्व निवडींना लागू आहे. घोडी बदलता येते व मूळची जपून ठेवता येते; तबलीला किंवा बाजूला पाडलेले छिद्र परत बुजविता येत नाही. लोरच्या देखरेखीखाली बनलेल्या वाद्यांची संख्या थोडी आहे व त्यांचा नाद तबलीच्या कोरीव जाडीवर अवलंबून आहे. अशा जुन्या वाद्यांवर छिद्र न पाडता बसणारी व काढता येणारी साधनेच वापरावीत, असा जाणकार कारागिरांचा कटाक्ष असतो. सभागृह, मेळ व विवर्धक बदलत राहतात. वाद्य एका वादकाकडून पुढच्याकडे जाते, आणि त्याला ते अभंग मिळणे अगत्याचे असते.